तापलेला दिवा पुन्हा का पेटत नाही? – एका तयार उत्तराची उलटतपासणी

२००६ च्या हिवाळ्यात नांदेडला भरलेल्या एका शालेय विज्ञान प्रदर्शनात आम्ही परीक्षक म्हणून गेलो होतो. दिवस भारनियमनाचे होते. प्रदर्शनाचे सभागृह उंच छताचे; वर मर्क्युरीचे आठ दिवे, भिंतींना ट्यूबलाइट. दुपारी साडेतीनच्या सुमारास लाइट गेली. अर्ध्या मिनिटात जनित्र सुरू झाले. पंखे फिरू लागले, भिंतींवरच्या ट्यूबा लगेच लागल्या; पण छतावरचे आठही दिवे काळेच राहिले.

त्या क्षणी आम्ही एका नववीतील मुलीच्या तक्त्यासमोर उभे होतो. तक्त्याचा विषय योगायोगाने 'विजेच्या दिव्यांचे प्रकार' हाच होता. आम्ही वर बोट दाखवून विचारले, "हे का लागले नाहीत?" तिने पाठ केलेले उत्तर घडाघडा सांगितले : "ते तापलेले असतात. त्यामुळे आतल्या वाफेचा दाब जास्त असतो. थंड झाले की दाब कमी होतो आणि दिवा पुन्हा लागतो." आम्ही मान डोलावली. गुणपत्रिकेवर आकडा लिहिणार, तोच ती थोडी घुटमळली आणि म्हणाली, "सर, एक विचारू का? नळी तर बंद हाय ना? मग थंड झाल्यावर आतले अणू जातेत कुठं? तेवढेच राहतेत की!"

आम्ही काय म्हणालो, हे सांगायला आज संकोच वाटतो. आम्ही म्हणालो, "दाब कमी होतो, हे तुझ्याच तक्त्यावर लिहिलंय ना?" आणि पुढच्या तक्त्याकडे वळलो. तिसऱ्या तक्त्यापाशी पोहोचलो तेव्हा वरचे दिवे जांभळट उजेड देत एकेक करून जागे होऊ लागले होते.

त्या मुलीची शंका बरोबर होती. आमचे उत्तर अपुरे होते, आणि ते अपुरे आहे हे कळण्याइतके भौतिकशास्त्र आम्हाला येत होते. तरीही ते सुचले नाही, कारण तयार उत्तर हाताशी होते. हे तयार उत्तर आजही शाळाशाळांतून, मार्गदर्शिकांतून आणि प्रदर्शनांच्या तक्त्यांवरून फिरताना दिसते. म्हणून त्याची नीट तपासणी करावी, असे ठरवून हा लेख लिहीत आहोत.

उत्तराचे तीन अवतार

हे उत्तर साधारणपणे तीन रूपांत भेटते. पहिले रूप अगदी बाळबोध : 'दिवा दमतो, त्याला विश्रांती लागते.' दुसरे : 'दिवा गरम असतो म्हणून पेटत नाही.' तिसरे, जरा शास्त्रीय पोशाखातले : 'आतला दाब जास्त असतो म्हणून पेटत नाही.' तिन्ही क्रमाने पाहू.

पहिल्या रूपावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. दिवा दमतो असे म्हटल्याने मूल हसते आणि प्रश्न तिथेच संपतो. लहान वर्गात उपमा वापरू नये, असे आमचे म्हणणे नाही. पण ज्या उपमेतून पुढचा एकही प्रश्न निघत नाही, ती उपमा शिक्षणाच्या कामाची नसते.

दुसरे रूप परीक्षेला उतरते का, ते पाहू. गरमपणा हेच कारण असेल, तर जो दिवा जास्त तापतो तो जास्त वेळ घेईल. घरातला साधा बल्ब घ्या. त्याची टंगस्टनची तार २५०० अंश सेल्सियसच्या आसपास तापते. लाइट येताच तो लागतो. बल्ब हा विद्युत विसर्जनाचा दिवा नव्हे, अशी हरकत कोणी घेईल. ठीक आहे. मग रस्त्यावरचा पिवळा सोडियम दिवा घ्या. उच्च दाबाच्या सोडियम दिव्याची आतली नळी मर्क्युरी दिव्याच्या नळीपेक्षा कितीतरी जास्त तापते. शिवाय तिच्याभोवतीच्या काचेच्या आवरणात निर्वात पोकळी असते. म्हणजे उष्णता हवेवाटे निघून जाण्याची सोय नाही. मर्क्युरीच्या आवरणात मात्र सहसा नायट्रोजन भरलेला असतो आणि तो उष्णता वाहून नेतो. 'गरम' हेच कारण असते, तर सोडियम दिव्याने मर्क्युरीपेक्षा जास्त वेळ घ्यायला हवा होता. प्रत्यक्षात सोडियम दिवा मिनिट-दोन मिनिटांत पुन्हा पेट घेतो आणि मर्क्युरीला चार ते सात मिनिटे लागतात. दुसरे रूप इथेच बाद झाले.

दाबाचे काय?

तिसरे रूप जास्त फसवे आहे, कारण त्यात सत्याचा अंश आहे. त्यासाठी मर्क्युरी दिव्याच्या आत डोकवावे लागेल.

बाहेरचा मोठा काचेचा फुगा म्हणजे केवळ आवरण. खरा दिवा आत असतो : बोटाएवढी क्वार्ट्झची बंद नळी, दोन टोकांना दोन इलेक्ट्रोड. नळीत थोडा आरगॉन वायू, वातावरणाच्या दाबाच्या काही शतांश इतका, आणि पाऱ्याचा मोजून घातलेला थेंब. दिवा थंड असताना पारा भिंतीवर चिकटून बसलेला असतो. वीज दिली की आधी आरगॉनमधून विसर्जन सुरू होते, नळी तापते, पारा वाफ होऊ लागतो आणि चार-पाच मिनिटांत सगळा थेंब वाफ होऊन जातो. मग दाब काही वातावरणे इतका चढतो. नळीच्या मध्यावर तापमान पाच-सहा हजार केल्विनच्या घरात, तर क्वार्ट्झच्या भिंतीवर सुमारे एक हजार केल्विन.

आता लाइट गेली. विसर्जन विझले. आत काय होते?

मध्यावरची वाफ क्षणार्धात भिंतीच्या तापमानाला येते, कारण तिला तापवणारा प्रवाहच उरलेला नाही. गणिताच्या सोयीसाठी असे धरू, की पेटलेल्या दिव्यात दाब ४ वातावरणे होता आणि वाफेचे सरासरी तापमान ३००० केल्विन होते. वाफ १००० केल्विनला येताच दाब एक तृतीयांश, म्हणजे सुमारे १.३ वातावरण होईल. आठवी-नववीत शिकवतो तोच वायूचा नियम : आकारमान तेच, अणू तेवढेच, तापमान एक तृतीयांश, तर दाबही एक तृतीयांश.

म्हणजे दिवा विझताच, एका सेकंदाच्या आत, दाब मोठ्या प्रमाणात खाली येतो! 'दाब जास्त म्हणून पेटत नाही' हे उत्तर खरे असेल, तर विझल्याबरोबर दिव्याची बाजू पुष्कळ सोपी व्हायला हवी होती. पण तो पेटत नाही. चार मिनिटे, पाच मिनिटे ढिम्म राहतो. म्हणजे दाब हा इथला खरा गुन्हेगार नव्हे. तो घटनास्थळी हजर असलेला साक्षीदार आहे.

अणू जातात कुठे?

गुन्हेगार शोधायचा तर विसर्जन सुरू कसे होते, हे पाहायला हवे. नळीतील एखादा सुटा इलेक्ट्रॉन विद्युत क्षेत्रात वेग घेतो आणि वाटेत अणूला धडकतो. धडक पुरेशी जोरदार असेल, तर अणूतून आणखी एक इलेक्ट्रॉन सुटतो. एकाचे दोन, दोनाचे चार होतात. पाऱ्याच्या अणूतून इलेक्ट्रॉन सोडवायला १०.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. ती मिळवायला इलेक्ट्रॉनला धावायला जागा हवी. अणू दाटीवाटीने असतील, तर तो दोन पावले धावतो न धावतो तोच धडकतो. साध्या टकरीत तो फारशी ऊर्जा गमावत नाही, फक्त दिशा बदलतो. पण ऊर्जा साठत साठत ४.९ इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत गेली, की पाऱ्याचा अणू ती गिळून टाकू शकतो. फ्रांक आणि हर्ट्झ यांनी १९१४ मध्ये पाऱ्याच्या वाफेवर केलेल्या प्रसिद्ध प्रयोगात हेच दिसले होते. दाटीत १०.४ चा उंबरठा गाठण्याआधीच बहुतेक इलेक्ट्रॉन असे लुटले जातात.

तेव्हा महत्त्वाची गोष्ट आहे दाटी, म्हणजे एकक आकारमानात किती अणू आहेत ती संख्या. दाब नव्हे, तापमानही नव्हे. फ्रीडरिश पाशेन यांनी १८८९ मध्ये मांडलेला नियम पुस्तकांत 'दाब गुणिले अंतर' अशा रूपात असतो : ठिणगी पडण्यासाठी लागणारी व्होल्टता या गुणाकारावर अवलंबून असते. तापमान कायम असेल तेव्हा दाब आणि दाटी एकाच प्रमाणात बदलतात, म्हणून तसे लिहिले तरी चालते. तापमान सातशे अंशांनी बदलत असेल, तर चालत नाही. या ठिकाणी नियमामागचे खरे राशिरूप, म्हणजे 'दाटी गुणिले अंतर', घ्यावे लागते.

आणि आता त्या मुलीचा प्रश्न पुन्हा ऐका. नळी बंद आहे. थंड झाल्यावर अणू जातात कुठे? तेवढेच राहतात की! अगदी बरोबर. वाफ नुसती थंड झाल्याने दाटी तिळमात्र कमी होत नाही. तापमान हजार केल्विनवरून सातशेवर आले, दाबही त्या प्रमाणात उतरला. पण इलेक्ट्रॉनला धावायला जागा तेवढीच. दिव्याच्या दृष्टीने काहीच घडलेले नाही.

घडते ते पुढे. नळीतील सर्वांत थंड जागा एका ठरावीक तापमानाखाली गेली, की वाफ तिथे द्रव होऊ लागते. पाऱ्याचे अणू हवेतून निघून भिंतीवर जाऊन बसतात. अणू जातात ते इथे!

पाऱ्याच्या संपृक्त बाष्पदाबाचे आकडे फार बोलके आहेत. ते फळ्यावर लिहावेत :

३५७ अंश सेल्सियस (उत्कलनबिंदू) – ७६० मिलिमीटर
३०० अंश – सुमारे २४७ मिलिमीटर
२०० अंश – सुमारे १७ मिलिमीटर
१०० अंश – सुमारे ०.२७ मिलिमीटर
२० अंश – सुमारे ०.००१२ मिलिमीटर

आमच्या कल्पित दिव्यात हजार केल्विनला १.३ वातावरण दाब होता. त्या दाटीची वाफ साधारण ३५० अंश सेल्सियसला संपृक्त होते. म्हणजे ७२५ अंशांपासून ३५० अंशांपर्यंतचे सारे थंड होणे पेटण्याच्या दृष्टीने जवळजवळ वाया. मग ३५० पासून २०० अंशांपर्यंत उतरताना दाटी एकदम पंचवीस-तीस पटींनी घटते. १०० अंशांपर्यंत गेलो, तर हजारपटीहून अधिक. या उतारावर कुठेतरी, दिव्याच्या बनावटीनुसार, आपल्या २३० व्होल्टच्या पुरवठ्याला (ज्याचे शिखरमूल्य ३२५ व्होल्ट असते) दिवा पेटवणे जमू लागते. मदतीला मुख्य इलेक्ट्रोडच्या अगदी जवळ बसवलेला एक लहान साहाय्यक इलेक्ट्रोड असतो. तिथे अंतर कमी, म्हणून ठिणगी आधी तिथे पडते.

आणखी एक मौज आहे. पारा भिंतीवर बसल्यावर उरतो तो मुख्यतः आरगॉन, त्यात पाऱ्याची किंचित वाफ. हे मिश्रण शुद्ध आरगॉनपेक्षाही सहज पेटते. आरगॉनचा अणू उत्तेजित होऊन ११.५ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा काही काळ बाळगून राहू शकतो. पाऱ्याला लागतात १०.४. आरगॉनचा असा अणू पाऱ्याच्या अणूला भेटला, की आपली ऊर्जा त्याला देऊन त्याचे आयनीभवन करतो. डच शास्त्रज्ञ पेनिंग यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. थोडक्यात, तोच पारा दाटीने असताना दिवा पेटू देत नाही आणि चिमूटभर असताना पेटवायला मदत करतो.

जत्रेची उपमा

उपमाच हवी असेल, तर आम्ही माळेगावच्या जत्रेची देऊ. भर गर्दीत एखाद्या पोराला धावायचे आहे. दोन पावलांवर कोणाचा तरी धक्का लागतो. संध्याकाळी ऊन उतरले, लोकांची घाई कमी झाली, धक्काबुक्की सौम्य झाली. पण वाट मोकळी झाली का? नाही. माणसे तेवढीच आहेत. वाट मोकळी होते ती माणसे कडेला जाऊन आपापल्या राहुटीत बसू लागली की. धक्क्यांचा जोर म्हणजे दाब, माणसांची संख्या म्हणजे दाटी आणि कडेला बसणे म्हणजे द्रवीभवन.

या उपमेलाही मर्यादा आहे. जत्रेतली माणसे स्वतःच्या इच्छेने बसतात. अणू बसतात ते भिंतीच्या तापमानाने ठरवलेल्या समतोलामुळे. ही मर्यादा मुलांना सांगावी. पण या उपमेतून पुढचे प्रश्न निघतात, म्हणून ती आम्हाला 'दमलेल्या दिव्या'पेक्षा बरी वाटते.

सोडियम दिव्याची साक्ष

आपले नवे उत्तर खरे की खोटे, याचीही परीक्षा घ्यायला हवी. नाही तर एक पोपटपंची जाऊन दुसरी यायची. सोडियम दिवा हा उत्तम साक्षीदार आहे.

या दिव्याची नळी क्वार्ट्झची नसते, कारण तापलेले सोडियम क्वार्ट्झला खाऊन टाकते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस रॉबर्ट कोबल यांनी ॲल्युमिनाची पूड भाजून प्रकाश आरपार जाऊ देणारी चिनीमातीसारखी नळी तयार करण्याची रीत शोधली आणि त्यानंतरच हा दिवा शक्य झाला. नळीत सोडियम आणि पारा यांचे मिश्रण असते, आणि ते जरुरीपेक्षा जास्त घातलेले असते. दिवा पूर्ण तेजात असतानाही त्यातला काही भाग नळीच्या थंड टोकाशी द्रवरूपात शिल्लकच असतो. म्हणजे आतली वाफ सदैव संपृक्त. मर्क्युरी दिव्यातली वाफ मात्र असंपृक्त, कारण थेंब संपलेला असतो.

फरक लक्षात आला? सोडियम दिवा विझताच त्याचे थंड टोक जसे निवू लागते, तसे अणू पहिल्या क्षणापासून द्रवात परतू लागतात. ७२५ ते ३५० असा वाया जाणारा टप्पा त्याच्या वाट्याला येतच नाही. शिवाय त्याला इग्नायटर जोडलेला असतो. तो काही हजार व्होल्टचे सूक्ष्म ठोके देतो, त्यामुळे थोडी दाटी शिल्लक असतानाही ठिणगी पडते. म्हणून अधिक तापूनही हा दिवा लवकर पेटतो. 'गरम' आणि 'दाब' या दोन्ही उत्तरांना न सुटणारे कोडे 'दाटी आणि द्रवीभवन' या उत्तराने सुटते.

इतर साक्षीदारही हेच सांगतात. ट्यूबलाइटमध्ये पारा आहे, पण भिंत कोमट, सुमारे ४० अंश. वाफ इतकी विरळ, की दाटीचा प्रश्नच उद्भवत नाही. म्हणून त्या दिवशी ट्यूबा लगेच लागल्या. मैदानांवरच्या मेटल हॅलाइड दिव्यांत पाऱ्याची दाटी मोठी आणि पेटवायला आधीच जास्त व्होल्टता लागते. त्यांना पुन्हा पेटायला दहा-पंधरा मिनिटेही लागतात. घाईच असेल, तर एक मार्ग उरतो : दाटी कमी होण्याची वाट न पाहता व्होल्टता वाढवणे. मोटारीच्या झेनॉन दिव्यांत वीस-पंचवीस हजार व्होल्टचा ठोका देऊन गरम दिवा क्षणात पेटवतात. त्यासाठी तारा, धारक, रोधन सगळे त्या तोडीचे लागते, म्हणून हे सर्वत्र परवडत नाही.

डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात

इथे एखादा विद्यार्थी विचारील : प्रत्यावर्ती प्रवाह तर सेकंदाला शंभर वेळा शून्य होतो. मग दिवा शंभर वेळा विझत का नाही? प्रश्न चांगला आहे. उत्तर असे, की शून्याचा तो क्षण फार छोटा असतो. तेवढ्यात सगळे आयन आणि इलेक्ट्रॉन एकमेकांत मिसळून नाहीसे होत नाहीत. शिवाय चोकमुळे प्रवाह व्होल्टतेच्या मागे राहतो; प्रवाह शून्य होतो तेव्हा व्होल्टता बरीच वर असते आणि विसर्जन पुढच्या अर्ध्या आवर्तनात ढकलले जाते.

पण पुरवठा एखादे आवर्तन, म्हणजे अवघा पन्नासावा भाग सेकंद, गेला किंवा व्होल्टता तेवढ्यापुरती निम्म्यावर आली, तरी ही साखळी तुटू शकते. साधा बल्ब अशा वेळी फक्त मिचकतो, पंखा तर कळूही देत नाही. आणि मर्क्युरी दिवे मात्र पाच-सात मिनिटांसाठी मरतात. 'लाइट गेलीच नव्हती, मग अंधार कसा?' हा कारखान्यातला नेहमीचा प्रश्न इथून येतो.

३ फेब्रुवारी २०१३ रोजी अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोम मैदानात सुपर बोलचा अंतिम सामना चालू असताना मैदानाच्या एका भागाचा पुरवठा तुटला. सामना ३४ मिनिटे थांबला. वीज परत आली तरी मेटल हॅलाइड दिवे काही लगेच लागेनात. कोट्यवधी लोक दूरचित्रवाणीवर पाऱ्याचे द्रवीभवन पाहत बसले होते, असे म्हटले तरी चालेल.

हे केवळ तक्त्याचे प्रकरण नाही

आमच्या भागात हा प्रश्न खेळापुरता नव्हता. नांदेड परिसर कापसाचा. इथल्या कापूस संशोधन केंद्राचे एनएचएच-४४ हे संकरित वाण एके काळी घरोघरी माहीत होते. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, लातूरकडे डाळमिल आणि तेलगिरण्या. उंच पत्र्याची शेड आणि वर मर्क्युरी किंवा सोडियमच्या फिटिंगा हे ठरलेले चित्र. २००५ नंतरच्या काही वर्षांत भारनियमनाने दिवसातून कितीदा लाइट जाईल याचा नेम नव्हता.

अशा एका जिनिंगमध्ये रात्रपाळीला आम्ही गेलो असताना लाइट गेली आणि दोन मिनिटांत आली. मोटारीच्या स्टार्टरमधली नो-व्होल्ट कॉइल सुटलेली असते, म्हणून मोटार आपोआप सुरू होत नाही. पण हिरवे बटण दाबले, की क्षणात सुरू होते. वर दिवे काळे, खाली रोलर फिरायला तयार. अंधारात बटणाकडे हात गेलाच होता; मुकादमाने ओरडून थांबवले. जिनच्या तोंडाशी अडकलेला कापूस काढायला एक मजूर वाकलेला होता. मुकादमाने खांबावरचा साठ वॅटचा पिवळा बल्ब दाखवून आम्हाला सांगितले, "साहेब, आमचा खरा दिवा हा. वरचे निस्ते दिसायला."

त्या मुकादमाला पाशेन माहीत नव्हता. पण यंत्राच्या आधी उजेड हवा आणि वरचा दिवा यंत्राच्या नंतर येतो, हे त्याने ओळखले होते. कारखाने अधिनियम, १९४८ चे कलम १७ तेव्हा कामाच्या जागी पुरेसा प्रकाश ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकत असे. दिवे पुरेसे बसवले, पण ते वीज आल्यावर सात मिनिटांनी लागणार असतील, तर त्या सात मिनिटांत कायद्याचे काय? उपाय अवघड नव्हते. दर चार-पाच फिटिंगांमागे एक लगेच लागणारा दिवा, बॅटरीवरचा आपत्कालीन दिवा, किंवा उजेड येईपर्यंत स्टार्टरला वीजच न देणारा साधा टायमर. पण ते सुचण्यासाठी दिवा का थांबतो, हे कळायला हवे. 'दिवा दमतो' एवढे शिकलेल्या माणसाला टायमर किती मिनिटांचा लावावा, हे कसे ठरवता येईल?

आता एलईडी आले, मग?

कोणी म्हणेल, हा सारा इतिहास झाला. ते बऱ्याच अंशी खरे आहे. जानेवारी २०१५ पासून राष्ट्रीय कार्यक्रमातून रस्त्यांवर एलईडी दिवे बसू लागले. पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारानुसार सर्वसाधारण प्रकाशासाठीच्या उच्च दाबाच्या मर्क्युरी दिव्यांच्या उत्पादनाला आणि आयात-निर्यातीला २०२० ही मुदत घालण्यात आली. भारताने या कराराला २०१८ मध्ये मान्यता दिली. एलईडी लाइट येताच लागतो. त्याला वाफ नाही, दाटी नाही, वाट पाहणे नाही.

तरीही हा प्रश्न वर्गातून घालवू नये, असे आमचे मत आहे. एक कारण व्यवहाराचे : जुन्या शेडमधून, मैदानांवरून असे दिवे अजून पूर्ण गेलेले नाहीत, आणि उतरवलेले दिवे भंगारात फुटतात तेव्हा पारा बाहेर येतो. मुलांना हे सांगायलाच हवे. दुसरे कारण शिक्षणाचे. आपण वायूचे नियम एका प्रकरणात शिकवतो, संपृक्त बाष्प दुसऱ्या, आणि विद्युत विसर्जन तिसऱ्या. परीक्षेत ती वेगवेगळ्या प्रश्नांत येतात. हा दिवा तिन्ही प्रकरणे एकदम मागतो, आणि त्यांतले एक विसरले तर चुकीचे उत्तर देतो. तीन प्रकरणे सांधणारे इतके स्वस्त उदाहरण सहज मिळत नाही.

वर्गात करण्याजोगे काम सोपे आहे. पाऱ्याच्या बाष्पदाबाचे वरचे आकडे घेऊन केल्विनमधील तापमानाचा व्यस्तांक आणि दाबाचा लॉगॅरिथम यांचा आलेख काढायला सांगावा. जवळजवळ सरळ रेषा येते. तिच्यावरून २५० अंशांचा दाब काढावा आणि दाटी किती पट घटली, याचे गणित करावे. परिसरात सोडियम किंवा मर्क्युरी दिवा उरला असेल, तर लाइट जाऊन आल्यावर दुरूनच दोन वेळा घड्याळाने मोजाव्यात : पेटायला लागलेला वेळ आणि पूर्ण तेज यायला लागलेला वेळ. त्या दोन वेळा वेगळ्या का, हा पुढचा प्रश्न मुलांवर सोपवावा. मात्र दिवा उघडणे, फोडणे किंवा बाहेरचा फुगा फुटलेला दिवा चालवणे कटाक्षाने टाळावे. आतली क्वार्ट्झ नळी अतिनील किरण अडवत नाही. ते काम बाहेरची काच करते.

शेवटी पुन्हा त्या मुलीकडे येतो. तिचा तक्ता आमच्या गुणपत्रिकेत पहिल्या तिनांत आला नाही. पहिल्या आलेल्या तक्त्यावर उत्तरे सगळी होती आणि शंका एकही नव्हती. तिला उत्तर पाठ होते, तरी तिने ते स्वतःच तपासून पाहिले आणि त्यातली फट परीक्षकाला दाखवली. वैज्ञानिक दृष्टिकोन ज्याला म्हणतात तो हाच, आणि आम्ही त्याला शून्य गुण दिले, कारण आमच्या गुणपत्रिकेत त्यासाठी रकानाच नव्हता. मांडणी, प्रतिकृती, सादरीकरण, उपयुक्तता असे चार रकाने होते.

पुढे परीक्षक म्हणून जिथे जिथे गेलो, तिथे आम्ही पाचवा रकाना हाताने आखून घेतला : 'स्वतःच्या उत्तराविषयी विचारलेली शंका'. तो बहुतेक वेळा रिकामा राहतो. शिक्षक मित्रांनी आपल्या शाळेच्या प्रदर्शनात तो आखून पाहावा. आणि 'अणू जातात कुठे?' असे कोणी विचारले, तर पुढच्या तक्त्याकडे वळण्याची घाई करू नये.